पाहुण्या मास्तरांचा महिना

परदेशी पाहुणा इंग्रजी शिकवायला येणार म्हटले की गावची शाळा आदल्या दिवसापासून कामाला लागते. पटांगणात पाणी शिंपडले जाते, लेझीम पथकाची तालीम होते, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष तालुक्याला जाऊन शाल-श्रीफळ घेऊन येतात. पाहुण्याला टिळा लागतो, मुले एका सुरात ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणतात आणि गावातल्या सगळ्या मोबाइलवर एकच फोटो फिरू लागतो. त्याच शाळेत वर्षानुवर्षे शिकवलेल्या गुरुजींची बदली झाली, तेव्हा निरोपाला चहा आणि चिवडा होता. चिवडा गुरुजींनीच आणला होता.

सत्काराबद्दल माझी तक्रार नाही. दारी आलेल्याला मान देणे ही आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रीत आहे आणि ती राहावी. पण हा मान आपण नेमका कशाला देतो, हे एकदा स्वतःला विचारले पाहिजे. तो शिकवतो म्हणून देतो, की तो गोरा आहे, त्याचे उच्चार टीव्हीवरच्यासारखे आहेत आणि तो महिन्याभरात निघून जाणार आहे म्हणून देतो? जो राहतो त्याची किंमत नाही आणि जो जातो त्याची आठवण काढायची, ही सवय आपल्या गावांना लागते आहे. तिची फळे शेवटी मुलांना भोगावी लागतात.

हा पाहुणा दर वेळी परदेशीच असतो असेही नाही. पुण्या-नागपूरच्या कॉलेजातून पंधरा दिवसांच्या ‘सामाजिक इंटर्नशिप’साठी आलेली मुलेमुली असतात. कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून एका शनिवारपुरते आलेले, एकसारखे टी-शर्ट घातलेले कर्मचारी असतात. अमेरिकेत वाढलेला आपलाच भाचा असतो. कॉलेजच्या प्रवेश अर्जात लिहायला समाजसेवेचा एक उन्हाळा हवा, म्हणून तिरोड्याला आजीकडे येतो आणि जवळच्या शाळेत आठवडाभर इंग्रजीची गाणी शिकवतो. ही सगळी माणसे मनाने चांगली असतात, हे मी आधीच सांगून ठेवतो. वाईट हेतूने आलेल्याला गाव लवकर ओळखते. प्रश्न चांगल्या हेतूने आलेल्यांचा आहे, कारण त्यांना कोणी काही विचारत नाही.

त्यांचा दिवस कसा जातो, ते मी जवळून पाहिले आहे. मुक्काम बहुधा एखाद्या शिक्षकाच्या नाहीतर सरपंचाच्या घरी. सकाळी अंघोळीचे पाणी चुलीवर तापते, त्याचे त्याला अप्रूप. जेवणात दोन्ही वेळा भात आणि लाखोळीची डाळ. आठवड्याने त्याला पोळी आठवू लागते, पण तो बोलत नाही. साडेदहाला परिपाठ: प्रार्थना, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. मग चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग त्याच्या हवाली होतो. डोके, खांदे, गुडघे यांचे हातवाऱ्यांचे गाणे होते, रंगांची नावे होतात, प्राण्यांचे आवाज होतात. मुले खदखदून हसतात. दुपारी खिचडी. तो मुलांच्या रांगेत मांडी घालून बसतो आणि स्वयंपाकीण मावशी त्याला एक पळी जास्त वाढते. संध्याकाळी व्हॉलीबॉल. रात्री अंगणात खाटेवर पडून तो आकाश बघतो. असे आकाश त्याने कधी पाहिलेले नसते, आणि हे तो अगदी खरे बोलतो.

या दिवसात एक माणूस कुठे दिसत नाही, हे लक्षात आले का? वर्गाचे गुरुजी. ते शेजारच्या खोलीत बसलेले असतात. शाळा दोन शिक्षकांची, त्यातले एक केंद्रावर बैठकीला गेलेले. मागे राहिलेल्यांच्या टेबलावर शालेय पोषण आहाराची नोंद, आधार जोडणीची यादी, मतदार यादीचे काम, वरून ‘आजच पाठवा’ म्हणून आलेले तीन तक्ते. पाहुणा आला म्हणजे वर्ग सांभाळायला कोणी मिळाले, म्हणून ते हातोहात ते तक्ते भरून टाकतात. त्यांना दोष देता येत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केले असते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपू नये. कायदा कपाटात आहे आणि तक्ते टेबलावर आहेत. पाहुण्याच्या येण्याने एवढेच होते की रिकामा वर्ग महिनाभर रिकामा दिसत नाही. पद रिकामे आहे, शिक्षकाचा वेळ भलतीकडे जातो आहे, हे ओरडून सांगायची वेळ आली की नेमके तेव्हाच हे हसरे गाणे सुरू होते आणि ओरड बुडून जाते.

आणि गुरुजी वर्गात नसल्यामुळे पाहुण्याने जे काही चांगले केले ते त्याच्याबरोबरच विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसून निघून जाते. त्याने फळ्यावर काय काढले, मुलांना बोलते कसे केले, कोणता खेळ जमला आणि कोणता फसला, हे पाहायला कोणी नव्हते. पुढच्या सोमवारी गुरुजी वर्गात येतात तेव्हा मुले विचारतात, “गुरुजी, थो गोरा मास्तर आता कवा येते?” गुरुजी पुस्तक उघडतात. आता त्यांचे इंग्रजी मुलांच्या कानाला आधीपेक्षा फिके लागते.

गुरुजींच्या या फिकेपणाचे मूळ कुठे आहे? महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली. निर्णय धाडसी होता आणि माझ्या मते योग्यही होता. पण ज्यांच्या भरवशावर तो घेतला ते शिक्षक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, मराठीतून डी.एड. केलेले. इंग्रजीत कोणाशी चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात आलेला नव्हता. त्यांना प्रशिक्षणे दिली, पुस्तिका दिल्या, पण भीती गेली नाही. आमच्या जिल्ह्यात त्यावर आणखी एक थर आहे. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा कागदावर मराठी. शाळेच्या ओट्यावर बसून ऐका, तर पोवारी ऐकू येते, सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि हलबी, छत्तीसगडच्या कडेला छत्तीसगढी, गोंदिया शहरात हिंदी. पहिलीतल्या पुष्कळ लेकरांना मराठीसुद्धा शाळेतच भेटते. म्हणजे इंग्रजी त्यांची तिसरी भाषा, कधी चौथी. त्याच शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ म्हणते की शक्य तितके शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावे. शेजारच्या गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये हे मनावर घेऊन गोंडीतून शाळा सुरू केली, तर मान्यता नाही म्हणून शिक्षण खाते तिच्या मागे लागले.

अशा वर्गात पाहुणा उभा राहतो आणि त्याला यातले काहीच माहीत नसते. त्याला वाटते, मुलांना मराठी येते, इंग्रजी येत नाही. आपण इंग्रजी दिली की झाले. एक प्रसंग सांगतो. डिसेंबर होता, धानाच्या मळणीचे दिवस. एका मुलीच्या बोटाला चिंधी बांधलेली, चिंधी रक्ताने काळी पडलेली. घरी विळा लागला होता. पाहुण्या मॅडमनी रांगेने प्रत्येकाला विचारले, “हाऊ आर यू?” तिची पाळी आली. तिने ते बोट मुठीत दडवले आणि शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात उत्तर दिले, “आय ॲम फाइन, थँक यू!” वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमही खूश. उत्तर बरोबर होते, उच्चारही ठीक होता. पण ही मुलगी त्या दिवशी इंग्रजीत एक खोटे बोलायला शिकली आणि त्यासाठी तिला शाबासकी मिळाली. बोट दुखते आहे, हे सांगायचे वाक्य तिला कोणी दिले नव्हते, कारण तिचे बोट कोणी पाहिले नव्हते. हजेरी घेता घेता तिचे गुरुजी ते पहिल्या मिनिटाला पाहतात. इंग्रजी कच्चे असेल त्यांचे, पण डोळे मुलांवर असतात.

इथे काही मंडळी खूश होऊन म्हणतील, म्हणूनच आम्ही म्हणतो, खेड्यातल्या मुलांना इंग्रजीचे ओझे नकोच, मातृभाषा पुरे. थांबा. हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, ते आधी सांगा. दुसऱ्याच्या मुलाला मातृभाषेचा उपदेश करून स्वतःच्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवणे, ही आपल्याकडची जुनी कला आहे. सावित्रीबाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीचे गुण गाणाऱ्या कविता लिहिल्या. त्या काही साहेबाच्या कौतुकापोटी लिहिल्या नव्हत्या. विद्येची मक्तेदारी ज्यांच्या हाती होती त्यांच्या दारातून न जाता वर जाण्याची वाट त्यांना इंग्रजीत दिसली. बिडीच्या पानांचे पुडके बांधणाऱ्या आईला आज आपल्या मुलीसाठी तीच वाट हवी असेल, तर तिला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. इंग्रजी हवीच. ती देणार कोण आणि किती दिवस देणार, यावर माझा वाद आहे.

इंग्रजी बोलणारी माणसे बाहेरून येऊन आपल्याकडे शिकवायला लागली, ती काही आजची गोष्ट नाही. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची शिक्षिका १८२७मध्ये मुंबईला उतरली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. १८६२मध्ये ती नगरलाच वारली. मधली जवळजवळ पस्तीस वर्षे तिने मराठी शिकून, मराठी मुलींमध्ये घालवली. जोतीरावांनी तिची शाळा पाहिली आणि १८४८मध्ये पुण्यात स्वतः शाळा काढली. तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता. त्यावर आपले जे मत असेल ते असो, मलाही तो पटत नाही. पण तिच्या कामाचा पुरावा कोणता, असे विचाराल तर मी सांगेन, तिची शाळा पाहून इथल्या एका माणसाला स्वतःची शाळा काढावीशी वाटली आणि त्याला नंतर तिची गरज उरली नाही.

आपल्या भागाचे उदाहरण आणखी जवळचे आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५मध्ये नागपूरला आला आणि दुसऱ्या वर्षी त्याने शाळा काढली. आजच्या हिस्लॉप कॉलेजला त्याचेच नाव आहे. तो मराठी शिकला. तो नुसता इंग्रजी शिकवत बसला नाही, या मुलुखातल्या माणसांचे ऐकत गेला. दगड गोळा केले, गोंडांच्या कथा गोळा केल्या. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना तो नाल्याच्या पुरात बुडाला. त्याने टिपून ठेवलेले कागद १८६६मध्ये रिचर्ड टेम्पलने छापले, आणि त्यात गोंडांचा आद्यगुरू मानल्या गेलेल्या पारी कुपार लिंगोची गोंडी गाथा आहे. आता पाहा, ज्या कचारगडच्या गुहांशी लिंगोचे नाव जोडलेले आहे, त्या आमच्या सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या डोंगरात आहेत. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड भाविक तिथे लोटतात. त्या गावांतल्या मुलांना लिंगोची गोष्ट आजीकडून मिळालेली असते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका परक्याने ती लिहून घेण्याइतका कान दिला. आणि आजचा पाहुणा त्या मुलांना लंडनचा पूल पडतो कसा ते नाचून दाखवतो. ती गोष्ट मुलांकडून ऐकून घ्यायला आणि त्यांच्याबरोबर सोप्या इंग्रजीत मांडायला वेळ लागतो, आणि तो त्याच्याकडे नसतो. हिस्लॉपकडे अठरा वर्षे होती.

कोणी म्हणेल, इतकी अपेक्षा कोणाकडून करायची? सगळे थोडेच पूर्ण आयुष्य देणार आहेत? मान्य. पण पस्तीस वर्षे आणि पंधरा दिवस यांच्यामध्ये बरीच जागा आहे. केनेडींनी १९६१मध्ये ‘पीस कोअर’ काढली, तिचे तरुण भारतात १९७६पर्यंत येत राहिले. त्यांच्यामागचे अमेरिकेचे राजकारण उघड होते, तरी दोन गोष्टी त्यांनी पक्क्या ठेवल्या होत्या: येण्याआधी स्थानिक भाषेचे शिक्षण आणि आल्यावर दोन वर्षे मुक्काम. आजचे स्वयंसेवेचे दुकान या दोन्ही अटी काढून चालते. पैसे घेऊन ‘अनुभव’ विकणाऱ्या कंपन्या जगभर आहेत. शिकवायला जाणाराच फी भरतो, म्हणजे तोच गिऱ्हाईक. मग दुकान त्याच्या सोयीने चालणार, मुलांच्या नाही. नेपाळ आणि कंबोडियात हा धंदा इतक्या थराला गेला की पाहुण्यांना सेवा करायला अनाथ मिळावेत म्हणून आईबाप असलेली मुले अनाथालयांत आणून ठेवली गेली. आपल्याकडे पर्यटक व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवी काम फार तर महिनाभर चालते. नियम करणाऱ्याला यात थोडी मौज आणि थोडी सेवा दिसली असेल. महिन्याभरात कोणी भाषा शिकवील, असे काही त्यानेही म्हटलेले नाही.

घरच्या शिक्षकाच्या पोलीस पडताळणीबद्दल आपण हल्ली जागरूक झालो आहोत आणि ते चांगलेच आहे. मग हा पाहुणा कोण, कुठून आला, आधी कुठे काम केले, मुलींबरोबर एकटा राहणार का, हे कोणी विचारते का? गोऱ्या माणसाला कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो. हा संकोच सोडला पाहिजे, बस्स.

आता राहायला आलेल्यांचे उदाहरण घ्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोरग्येलिंग. १९७२पासूनची. आमच्या जिल्ह्यात आलेली ही खरी परदेशी माणसे, आणि पाहुणे म्हणून नव्हे, राहायला आलेली. पहिल्या पिढीने जंगलाच्या कडेची ही उष्ण जमीन कसली, हिंदी-मराठी उचलली, कारण बाजार करायचा होता. मुलांना इंग्रजी हवीच होती, कारण जगभर विखुरलेल्या आपल्या माणसांशी बोलायचे होते. पण निर्वासित तिबेटी प्रशासनाने २००४मध्ये आपले शिक्षण धोरण ठरवले तेव्हा पाया ठेवला तो मातृभाषेचा, आणि बाकीच्या भाषा त्यावर उभ्या केल्या. ज्यांच्या पायाखालची जमीन गेली, त्यांनी भाषा सोडली नाही आणि इंग्रजीला शत्रूही केले नाही. आम्ही त्यांच्या शेजारी पन्नास वर्षांहून अधिक काळ राहतो आणि त्यांच्याकडून फक्त स्वेटर घेतो.

उलट्या बाजूचेही एक उदाहरण घ्या. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा चालतात. शिकवणारे बहुतेक आईबापच. कोणी इंजिनिअर, कोणी बँकेत, कोणी घर सांभाळणारी. सुटीच्या दिवशी एखाद्या भाड्याच्या खोलीत ते आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकवतात. पगार नाही. पण ते वर्षानुवर्षे तेच करतात, कारण मूल तिथे आहे आणि तेही तिथेच आहेत. स्वयंसेवी शिक्षक असावा तर असा. याच घरातला मुलगा तिरोड्याला आठवडाभर येतो तेव्हा मात्र तो आणि त्याचे आईबाप तोच नियम विसरतात. आपल्या लेकरांच्या मराठीला आपण दहा वर्षांचे रविवार देतो आणि सालेकशाच्या लेकरांच्या इंग्रजीला एक आठवडा. वर तो आठवडा फेसबुकवर जास्त मोठा दिसतो.

महिनाभर आलेल्याने काय काहीच करू नये? करावे, पण मुलांच्या वर्गात एकट्याने उभे राहू नये. त्याचे खरे विद्यार्थी शेजारच्या खोलीत तक्ते भरत बसले आहेत. ज्या गुरुजींनी उभ्या आयुष्यात कोणाशी इंग्रजीत गप्पा मारल्या नाहीत, त्यांच्याशी रोज संध्याकाळी तासभर गप्पा माराव्यात: शेतीच्या, निवडणुकीच्या, पोराच्या लग्नाच्या. चुकले तर हसू नये. सकाळी गुरुजी शिकवतील आणि पाहुणा मागच्या बाकावर बसेल. मुलांना एकदा दिसू दे की पाहुणा आपल्या गुरुजींकडून काही शिकतो आहे. गुरुजींची गावातली उंची एका दिवसात वाढेल, आणि पाहुणा गेल्यावर वाढलेली उंची गावातच राहील. महिन्यात एका शिक्षकाची भीती मोडली तर पुढची वीस वर्षे त्याच्या हाताखालून जाणाऱ्या सगळ्या मुलांचे भले झाले.

हे पुस्तकी बोलणे नाही. देवरी तालुक्यातल्या एका शाळेत मी असे घडताना पाहिले. मार्चचे शेवटचे दिवस. या दिवसांत आमच्याकडे हजेरी निम्म्यावर येते, कारण मोहफुले पडतात आणि ती पहाटे वेचावी लागतात. उशीर झाला तर गाई-हरणे खाऊन जातात. जी मुले शाळेत येतात तीही जांभया देत येतात. त्या वर्षी एक इंग्रज तरुण जूनपासून मुक्कामाला होता. तोवर तोडकीमोडकी पोवारी बोलू लागला होता आणि रोज गुरुजींच्या मागे बसत होता. गुरुजींनी पुस्तक मिटले आणि उशिरा आलेल्या एका मुलाला इंग्रजीत विचारले, किती वाजता उठलास? “फोर ओ’क्लॉक, सर.” कोणाबरोबर गेलास? “माय आजी.” काय पाहिले? मुलगा अडला. मग हाताने मोठे कान करून दाखवले. वर्गातून कोणीतरी ओरडले, “रॅबिट!” दुसरा म्हणाला, “नो सर, डिअर!” अर्धा तास त्या वर्गात पहाटेचे जंगल इंग्रजीत बोलले जात होते: टोपली किती भरली, अंधार होता का, भीती वाटली का. एका मुलीने शेवटी स्वतःहून विचारले की ‘भूक लागली होती’ कसे म्हणायचे. त्या तरुणाने तोंड उघडले नाही. मुलांची वाक्ये तो वहीत उतरवत राहिला, नंतर ती त्याने गुरुजींबरोबर बसून नीट केली, आणि दुसऱ्या वर्षी तीच वही चौथीच्या वर्गाचे पहिले वाचन झाली.

यातले काहीच केंद्रावरच्या प्रशिक्षणात सांगितलेले नव्हते. पण ते शक्य झाले, कारण गुरुजींना मोहफुले माहीत होती, पाहुण्याला इंग्रजी माहीत होती आणि दोघांना एकमेकांसाठी वेळ होता. जिल्ह्यात शाळा उभ्या राहिल्या त्याही अशाच माणसांमुळे, जी इथे राहिली. मनोहरभाई पटेल स्वतः फार शिकलेले नव्हते; १९५८मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि आजूबाजूच्या गावांतली पोरे हायस्कूलची पायरी चढली. त्या शाळांत शिकवायला आलेले मास्तर भाड्याच्या खोल्यांत राहिले, इथेच लग्ने केली, इथेच निवृत्त झाले. त्यांचे इंग्रजी फार सफाईदार नव्हते. तरी पुढे कलेक्टर कचेरीत आणि रेल्वेत गेलेली आमची पहिली पिढी त्यांच्याच हातची.

सरकारचेही सांगायचे राहिले. २०२१मध्ये ‘विद्यांजली’ नव्याने सुरू झाली, स्वयंसेवकांनी शाळांना हात द्यावा म्हणून. कल्पना चांगली आहे. मात्र त्याच काळात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याच्या सूचना निघाल्या, रिकाम्या पदांवर निवृत्त शिक्षक कंत्राटावर बसवले गेले. पगारी शिक्षकाची जागा रिकामी ठेवून तिथे दयेचा माणूस बसवायचा असेल तर ती दया नको. स्वयंसेवक शिक्षकाच्या जोडीला असावा. त्याच्या बदल्यात कधीच नाही. ज्या शाळेत मंजूर पदे भरलेली नाहीत, तिथे तर पाहुणा घेऊच नये. कडू वाटते, पण पाहुण्याच्या गाण्यामुळे ती रिकामी खुर्ची आणखी एक वर्ष झाकली जाते.

हे ठरवायचा अधिकार गावाकडे आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभर जागा पालकांना दिल्या आहेत. समितीने पाहुण्याला चार गोष्टी आधीच सांगाव्यात. कागद दाखव. वर्गात गुरुजी असतीलच. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आणि जाताना गुरुजींच्या कामाला येईल असे लिहून ठेवून जा. एवढ्यावर कोणी रुसून परत गेला तर गावाचे काही बिघडत नाही. शालीचे पैसेही वाचतात, त्यात वर्गाला चांगला चित्रकोश येईल.

आणखी एक अट मी माझ्याकडून घालीन. बहुतेक पाहुणे डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा गोड असते, धान घरात आलेले असते, मंडईनिमित्त गावोगाव नाटके आणि दंडार चालू असतात, तलावांवर पाखरे असतात, माणसे निवांत असतात. ज्याला खरोखर शिकवायचे आहे त्याने जूनअखेर यावे, विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा. लवकरच बांध्यांमध्ये धानाचा रोवणा सुरू होतो, पाचवीतली अर्धी मुले धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बांधावर बसलेली असतात, शाळेच्या छपरातून पाणी गळते, वीज तीन-तीन दिवस नसते, चिखलातून मोटारसायकल निघत नाही आणि फोटो काही चांगले येत नाहीत. त्या दिवसांत यावे आणि मोहफुले पडेपर्यंत राहावे.